मोठ्या रक्तवाहिन्यांची सूज लवकर कशी पकडायची : नाडीपासून स्कॅनपर्यंत, आणि तेही योग्य क्रमाने

मी ठाण्यात रेडिओलॉजी करते. म्हणजे पेशंट माझ्याकडे येतो तो सगळ्यात शेवटी, हातात जाडजूड फाइल आणि वर एक चिठ्ठी, "सीटी अँजिओ, प्लीज डू द नीडफुल". आणि दर वेळी तेच होतं, स्कॅन चुकत नाही हो, स्कॅनच्या आधीचा क्रम चुकलेला असतो. नाडी कुणी धरलेली नसते, बीपी एकाच हाताचं असतं, स्टिरॉइड महिनाभर चालू असतं आणि मग विचारतात मॅडम सूज दिसतेय का.

आजार दोन आहेत. टाकायासू, जो बहुतेक चाळिशीच्या आतल्या बायकांना होतो आणि आपल्याकडे जास्त दिसतो. दुसरा जायंट सेल आर्टरायटिस, तो पन्नाशीनंतरच, बहुतेक वेळा सत्तरीच्या आसपास, आपल्याकडे कमी पण डोळ्यावर जातो म्हणून घातक. दोन्हीत महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांची भिंत आतून सुजते, आणि भिंत सुजल्यावर बऱ्याच काळाने नळी अरुंद होते. हा मधला काळ म्हणजे तुमची संधी. खालचं सगळं फॅमिली डॉक्टर, रेसिडेंट आणि पेशंटबरोबर धावपळ करणारे घरचे, तिघांसाठी आहे, ज्याला जे लागू तेवढं घ्या.

पायरी १ : संशय कधी घ्यायचा

घणसोलीची एक मुलगी, २६ वर्षांची, रोज ठाण्याला ट्रान्स हार्बर लोकलने यायची. तिची तक्रार काय तर डाव्या हाताने हँडल धरून उभी राहिली की ऐरोली यायच्या आत हात भरून येतो, बधिर होतो, खाली सोडला की दोन मिनिटांत बरा. उजव्या हाताने धरलं तर काही नाही. सगळे म्हणाले पर्स त्या खांद्यावर घेतेस, नस दबली असेल, मानेचा एक्सरे झाला, बेल्ट मिळाला, फिजिओ झाली.

इथे बघायची गोष्ट एकच. काम केलं की दुखतं, थांबलं की लगेच बरं होतं. दोरीवर कपडे वाळत घालताना, केस विंचरताना, कणीक मळताना हात मध्येच गळतो. नस दबल्याचं दुखणं असं घड्याळ लावून येत-जात नाही, ते रात्री झोपेतही छळतं.

बाकीच्या खुणा :
- कमी वयात बीपी, विशेषतः तिशीच्या आतल्या मुलीला १६०–१७०, आणि घरात कुणाला नाही
- महिनोन्‌महिने बारीक ताप, वजन उतरणं, थकवा, आणि टीबी सापडत नाही तरी टीबीच्या गोळ्या चालू
- मानेच्या बाजूला, जिथे नाडी उडते तिथेच दाबलं की दुखणं
- उभं राहिलं की चक्कर, तरुण वयात पॅरालिसिसचा झटका

वयस्कर माणसाचं वेगळं. नवीनच सुरू झालेली डोकेदुखी, कानशिलावर किंवा टाळूवर कंगवा टेकवला तरी दुखणं, भाकरी चावताना अर्ध्यात जबडा दुखून थांबावं लागणं, सकाळी दोन्ही खांदे इतके आखडलेले की सदरा घालता येत नाही. याला सर्रास स्पाँडिलायटिस म्हणून मोकळे होतात.

सावधान : पन्नाशीच्या पुढच्या माणसाला अशा डोकेदुखीबरोबर डोळ्यासमोर क्षणभर जरी पडदा आला तरी हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर आणि फिजिशियन असलेल्या हॉस्पिटलात जा. गेलेली नजर बहुधा परत येत नाही, आणि दुसरा डोळा काही दिवसांत जाऊ शकतो. सोमवारची अपॉइंटमेंट वगैरे नको.

पायरी २ : नाड्या आणि चारही हातापायांचं बीपी

ही पायरी फुकट आहे, पंधरा मिनिटांची आहे, आणि हीच सगळ्यात जास्त गाळली जाते. घणसोलीच्या त्या मुलीचं ऑफिसच्या हेल्थ कॅम्पमध्ये बीपी घेतलं होतं. डाव्या हातावर मशीनने एरर दाखवली. पुन्हा एरर. मग सेल बदलले, पुन्हा एरर, मग कुणीतरी म्हणालं या हाताला नीट बसत नाहीये पट्टा, उजव्याला लाव. उजव्याला १४८ आलं, लिहून घेतलं, पुढचा नंबर. मशीन बिचारं खरं सांगत होतं, त्या हाताला नाडीच नव्हती.

क्रम असा ठेवा :

१. पाच मिनिटं आडवं झोपवा. चहा-सिगरेट अर्धा तास आधीपासून बंद.

२. दोन्ही मनगटांच्या नाड्या एकाच वेळी धरा, आपल्या दोन्ही हातांनी. एकेक धरली तर फरक कळत नाही, एकदम धरली की आंधळ्यालाही कळेल एवढा फरक असतो. मग कोपराच्या आतली, जांघेतली, पावलावरची.

३. मानेची नाडी एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम कधीही दाबू नका, एक बाजू आधीच बंद असेल तर पेशंट तिथेच बेशुद्ध पडेल.

४. बीपी दोन्ही हातांचं. फरक आला तर लगेच पुन्हा घ्या, कारण पहिलं रीडिंग घाबरून जास्त येतं. वरच्या आकड्यात १० पेक्षा जास्त फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर शोध घ्यायचा, २० किंवा जास्त असेल तर सोडायचंच नाही.

५. दोन्ही पायांचं बीपी. मांडीला मोठा पट्टा लागतो, हाताचा छोटा पट्टा कोंबून घेतलेलं रीडिंग खोटं जास्त येतं. मोठा पट्टा नसेल तर घोट्याच्या वर हाताचाच पट्टा आणि रक्ताचा प्रवाह ऐकवणारं छोटं डॉपलर मशीन.

६. स्टेथो लावा. मानेवर दोन्हीकडे, गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात, पोटावर बेंबीच्या वर आणि बाजूला. पेशंटला श्वास रोखायला सांगा, पंखा बंद करा. फुसफुस असा आवाज आला तर त्याला ब्रुई म्हणतात, तसं फाइलवर लिहा, कुठे आला तेही लिहा.

पाय का घ्यायचे असं रेसिडेंटही विचारतात. कारण दोन्ही हातांच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर दोन्ही हातांना बीपी सारखंच येतं, छान ११० येतं, आणि खरं बीपी आत १८० असतं. पायाचा वरचा आकडा हातापेक्षा थोडा जास्त असणं नॉर्मल आहे. पण हातात १०० आणि पायात १७० हे नॉर्मल नाही. अशा पेशंटचं बीपी उत्तम म्हणून फाइल बंद होते आणि मग डोळ्याच्या पडद्यावर किंवा हृदयावर बीपीचे परिणाम दिसले की सगळे चक्रावतात.

इथे थांबून तपासा : कागदावर चार बीपी, डाव्या-उजव्या नाड्या आणि ब्रुई लिहिलेत का? नसतील तर पुढे जाऊ नका. "बीपी नॉर्मल" असं लिहिलेलं धरायचं नाही, आकडे हवेत आणि कुठल्या हाताचे ते हवं.

पायरी ३ : रक्त, पण मोजकंच

सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी (अंगात सूज आहे का ते दाखवणाऱ्या टेस्ट), क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), शुगर, लघवी, छातीचा एक्सरे. पुढे औषधं द्यावी लागणार म्हणून टीबी आणि हिपॅटायटिस, आणि सिफिलिस नाही ना हे बघायला व्हीडीआरएल. बास.

हजारो रुपयांचं वाताचं पॅनल करून आणतात आणि सगळं निगेटिव्ह म्हणजे वात नाही असं ठरवतात. या दोन्ही आजारांची स्वतःची अशी कुठलीही अँटिबॉडी टेस्ट नाही. एएनए, आरए फॅक्टर, अँका निगेटिव्ह येणार, येऊ देत.

दोन फसवे मुद्दे आहेत. पहिला, टाकायासू चालू असतानाही ईएसआर-सीआरपी नॉर्मल असू शकतात, त्यामुळे नाडी लागत नसेल तर नॉर्मल सीआरपी बघून गप्प बसू नका. (जायंट सेलमध्ये मात्र दोन्ही नॉर्मल असणं दुर्मिळ.) दुसरा, सीआरपीचं युनिट बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. एका लॅबचं ४ आणि दुसरीचं ४० हे एकच असू शकतं, मी स्वतः "सीआरपी दहापट वाढला" म्हणून घाबरलेले नातेवाईक पाहिलेत आणि कारण फक्त लॅब बदलली होती.

पायरी ४ : स्टिरॉइड आधी की स्कॅन आधी

सगळ्यात जास्त घोळ इथे. स्टिरॉइडने भिंतीची सूज भराभर उतरते, लक्षणंही उतरतात, आणि स्कॅनवर काहीच सापडत नाही. मग डॉक्टर म्हणतात नव्हताच आजार, स्टिरॉइड बंद, आणि दोन महिन्यांनी परत सगळं.

नियम साधा आहे. नजर, मेंदू किंवा हृदय धोक्यात असेल तर स्टिरॉइड त्याच दिवशी, स्कॅनसाठी एक तासही थांबायचं नाही, आणि स्कॅन त्यानंतर जितका लवकर होईल तितका, शक्यतो ७२ तासांच्या आत. असा धोका नसेल तर आधी स्कॅन, मग गोळी. टाकायासूच्या बहुतेक मुली दुसऱ्या गटात बसतात, म्हणजे दोन-चार दिवस असतात हातात, ते वापरा. कुठल्या गटात आहात हे घरच्यांनी ठरवायचं नाही, डॉक्टरांना सरळ विचारायचं, "स्कॅन होईपर्यंत थांबलं तर चालेल का?"

सावधान : स्टिरॉइड चालू नाही असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण ते घेत असतात. अंगदुखीवर मारलेलं इंजेक्शन, दम्याची गोळी, सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या. सगळ्या चिठ्ठ्या आणि पाकिटं घेऊन या. आणि उलटही करू नका, स्टिरॉइड आधीच चालू असेल तर स्कॅन चांगला यावा म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नाही, अचानक बंद केलं तर जिवावर बेततं.

पायरी ५ : कुठला स्कॅन, आणि फॉर्मवर काय लिहायचं

आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा. आपल्याला नळी नाही, भिंत बघायची आहे. नळी अरुंद झालेली कुठल्याही स्कॅनवर दिसते, पण तोवर उशीर झालेला असतो.

*सोनोग्राफी डॉपलर.* जायंट सेलचा संशय असेल तर पहिली हीच, कानशिलाच्या दोन्ही रक्तवाहिन्या आणि दोन्ही काखा. काख विसरू नका, फक्त कानशील बघून सोडलं तर काही पेशंट हमखास सुटतात. सुजलेली भिंत नळीभोवती काळ्या कड्यासारखी दिसते, तिला हॅलो म्हणतात, आणि प्रोबने दाबलं तरी ते कडं पुसलं जात नाही. कानशिलासाठी प्रोब निदान १५ मेगाहर्ट्झचा लागतो, अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा. टाकायासूत मान आणि गळ्याच्या हाडाखालची रक्तवाहिनी छान दिसते, पण छातीतली महाधमनी सोनोग्राफीत दिसत नाही, म्हणून नुसत्या नॉर्मल डॉपलरवर विषय संपत नाही.

*एमआर अँजिओ.* टाकायासूसाठी युरोपियन तज्ज्ञांच्या शिफारशीत पहिली पसंती हिलाच आहे, रेडिएशन नाही म्हणून. पंचविशीतल्या मुलीचे पुढे किती स्कॅन होणार आहेत याचा विचार करा. पण नुसतं एमआर अँजिओ लिहिलं तर नळीचाच फोटो येतो, भिंतीसाठी वेगळे सिक्वेन्स लागतात, ते फॉर्मवर लिहावं लागतं.

*सीटी अँजिओ.* लवकर होतो, जवळपास सगळीकडे आहे, ठाणे–नवी मुंबईत बहुतेकांचा हाच होतो, आणि नीट केला तर उत्तम. नीट म्हणजे डाय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) गेल्यावर लगेचची एक फेज आणि थोड्या वेळाने डिलेड फेज. सुजलेली भिंत डाय उशिरा धरते, मग बाहेरचं कडं पांढरं आणि आतलं काळपट अशी दोन कडी दिसतात. डिलेड घेतलीच नाही तर ती दिसणार कुठून.

*पेट सीटी.* यात किरणोत्सारी साखर टोचतात, सूज असते तिथे ती जमून उजेड दिसतो. ताप आहे, सीआरपी वाढलाय, बाकी कशात काही सापडत नाही, तेव्हा याचा खरा उपयोग. स्टिरॉइडचा फटका सगळ्यात आधी यालाच बसतो.

कॅथेटर घालून करायची जुनी अँजिओग्राफी नुसत्या निदानासाठी आता करत नाहीत. ती आतली नळीच दाखवते. स्टेंट, फुगा वगैरे करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आता फॉर्म. असा लिहा, अगदी असाच :

"वय २६, स्त्री. डावी रेडियल नाडी लागत नाही. बीपी उजवा हात १४८/९०, डावा ९६ सिस्टॉलिक, उजवा पाय १६४, डावा पाय १६०. डाव्या क्लॅव्हिकलच्या वर ब्रुई. सीआरपी ३४ मिलिग्रॅम प्रति लिटर. क्रिएटिनिन ०.८. स्टिरॉइड सुरू नाही. शंका टाकायासू. मानेपासून जांघेपर्यंत महाधमनी आणि सर्व मुख्य शाखा, भिंतीची जाडी, डिलेड फेज घ्यावी."

चार ओळी आहेत. पण या चार ओळींनी मी मशीनवर बसल्यावर वेगळी माणूस असते. "मानेची सीटी अँजिओ" एवढंच आलं तर मी मान बघणार, आणि आपल्याकडच्या टाकायासूत पोटातली महाधमनी आणि किडनीच्या रक्तवाहिन्या बऱ्याचदा धरलेल्या असतात, त्या राहून जाणार.

पायरी ६ : स्कॅनचा दिवस

सीटी : क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट, डायची किंवा औषधाची ॲलर्जी, मधुमेहाच्या गोळ्या, पाळी चुकली असेल तर तेही, हे सगळं आत जायच्या आधी सांगा. सुई शक्यतो उजव्या हाताला लावून घ्या, डाव्या हातातून गेलेला घट्ट डाय छातीत ज्या शिरेतून जातो ती शीर नेमकी महाधमनीच्या कमानीच्या शाखांसमोरून जाते आणि त्या झाकून टाकते. एमआर असेल तर अंगातला धातू, पेसमेकर, क्लिप सगळं सांगा.

पेटला जास्त जपावं लागतं. निदान सहा तास उपाशी, फक्त साधं पाणी. "फक्त अर्धा कप चहा घेतला" म्हणजे उपास मोडला. मधुमेह असेल तर सेंटरशी आदल्या दिवशी बोला. आदल्या दिवशी जिम, ट्रेक नाही, आणि त्या दिवशी लोकल पकडायला जिना धावत चढू नका, दमलेले स्नायू साखर ओढून घेतात. शाल न्या. चेष्टा नाही, एसी वेटिंगमध्ये कुडकुडत बसलं की मानेजवळची चरबी पेटते आणि स्कॅनवर तिथेच उजेड दिसतो जिथे आपल्याला रक्तवाहिनी बघायची आहे.

पायरी ७ : रिपोर्ट वाचताना

माझी स्वतःची चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका २९ वर्षांच्या बाईची मानेची डॉपलर केली, चक्कर येते म्हणून. दोन्ही बाजूंची भिंत जाड, एकसारखी, गोल, गुळगुळीत. मी लिहून टाकलं भिंत जाड आहे, कोलेस्टेरॉल तपासा. टेबलावर ती म्हणाली होती की कपडे वाळत घालताना हात दुखतो, बाहेर अकरा पेशंट होते, मी हं म्हटलं. आठ महिन्यांनी तिचा सीटी माझ्यासमोर आला तेव्हा डावी सबक्लेवियन, म्हणजे हाताला रक्त नेणारी गळ्याच्या हाडाखालची रक्तवाहिनी, बंद होती. त्यानंतर मी मानेच्या प्रत्येक डॉपलरआधी दोन्ही मनगटं धरते, अर्धा मिनिट जातो.

तर फरक कसा करायचा. कोलेस्टेरॉलचा थर एका बाजूला, खडबडीत, तुकड्यातुकड्यात, बहुधा जिथे फाटे फुटतात तिथे आणि कॅल्शियमसकट. सूज असेल तर भिंत सगळीकडून गोल, गुळगुळीत, लांबच लांब जाड. नाड्यांमध्ये फरक असणारे दुसरे आजारही आहेत. जन्मजात कोआर्क्टेशनमध्ये महाधमनी एकाच ठिकाणी आवळलेली असते आणि भिंत सुजलेली नसते. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसियात किडनीची रक्तवाहिनी मण्यांच्या माळेसारखी दिसते आणि तीही मधल्या-पुढच्या भागात, टाकायासूत बहुधा सुरुवातीलाच अरुंद असते. सिफिलिस, टीबी, आयजीजी-४ नावाचा आजार हेही महाधमनी सुजवतात, म्हणून पायरी ३ मधल्या टीबी आणि सिफिलिसच्या तपासण्या गाळू नका.

तपासा : रिपोर्टमध्ये "भिंत" हा विषय आहे का? नुसतं "नो सिग्निफिकंट स्टेनोसिस" (नळी फारशी अरुंद नाही) असेल तर रेडिओलॉजिस्टला फोन करून विचारा. आम्ही चावत नाही.

पायरी ८ : स्कोअर, आणि पुढे कुणाकडे

२०२२ चे अमेरिकन-युरोपियन निकष आहेत, टाकायासूला किमान ५ गुण लागतात, जायंट सेलला ६. घणसोलीच्या मुलीचे मोजू : स्त्री १, बीपीत २० पेक्षा जास्त फरक १, काम करताना हात दुखणं २, नाडी मंद किंवा गायब २, ब्रुई २. झाले ८, स्कॅनच्या आधीच. तरी हा स्कोअर लावायचा नाही, कारण निदानाच्या वेळी वय ६० पर्यंत आणि स्कॅनवर महाधमनीची किंवा शाखांची सूज, या दोन अटी आधी पूर्ण व्हाव्या लागतात, आणि मिळतेजुळते आजार बाजूला काढावे लागतात. हे निकष मुळात अभ्यासासाठी पेशंटचे गट पाडायला केलेत. चारच गुण आले म्हणून आजार नाही असं कुणी म्हणालं तर मानू नका, आणि मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर स्वतः निदानही करू नका.

स्कॅनवर संशय आला की रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे वाताचे डॉक्टर. जाताना छापील फिल्म नाही, सीडी किंवा पेन ड्राइव्ह न्या, फिल्मवर भिंत मोजता येत नाही. आणि जपून ठेवा, सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा स्कॅन होईल तेव्हा तुलना याच्याशीच करायची आहे, शक्यतो त्याच सेंटरवर, त्याच पद्धतीने.

एक बारीक काम उरतं, ते घरच्यांनी करा. फाइलच्या पुठ्ठ्यावर जाड मार्करने लिहा की बीपी कुठल्या हाताचं किंवा पायाचं खरं धरायचं. नाहीतर दाताच्या दवाखान्यात, सोसायटीच्या कॅम्पमध्ये कुणीतरी अरुंद बाजूच्या हाताला पट्टा लावतं, ९६ बघून "अरे वा, बीपी मस्त आहे" म्हणतं आणि बीपीची गोळी कमी होते. घणसोलीच्या मुलीने तर मोबाइलच्या कव्हरमागे चिठ्ठीच घातली आहे, "बीपी फक्त उजव्या हातावर".